नलिनीताईंचा ठेहराव

सलवार घालताना श्रद्धाचा हात भिंतीला लागला. लागला म्हणजे टेकलाच, आपणहून, तिला न विचारता. उजव्या पायावर उभं राहून डावा पाय सलवारीत घालायचा, मग डाव्यावर उभं राहून उजवा, हे ती शाळेत असल्यापासून करत आली होती, आणि त्यात लक्ष देण्यासारखं कधी काही नव्हतं. आज उजव्या गुडघ्याच्या आत, वाटीच्या मागे, काहीतरी हललं. दुखलं असंही म्हणता येईना. घरात आपण एकटेच आहोत असं समजून बसावं आणि आतल्या खोलीत कुणी खाकरावं, तसं झालं. एक पाय सलवारीत आणि एक बाहेर अशी ती उभी राहिली आणि भिंतीवरच्या आपल्या हाताकडे बघत राहिली. खाली बडोद्याच्या कारेलीबागेतली सकाळ नेहमीसारखी चालू होती. ट्यूशनला निघालेल्या कुठल्यातरी पोराला वरून कुणी डब्याची आठवण करत होतं, कुणाची स्कूटर चालू होत नव्हती. हात मात्र बोटं पसरून भिंतीवर असा बसला होता की हे काम त्याला जन्मापासून येत असावं.

"काय गं, काय झालं?" मुकुंदने बाहेरून विचारलं. तो रिफायनरीची बस गाठायच्या गडबडीत मोजे शोधत होता.

"काही नाही. पाय घालताना हात भिंतीला लागला."

"मग? सगळं जग भिंतीला धरूनच पँट घालतं. आज तू आमच्यात आलीस. चल, आवजो," तो म्हणाला आणि एकच मोजा हातात घेऊन निघून गेला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण श्रद्धा त्या सगळ्या जगात नव्हती, निदान आज सकाळपर्यंत नव्हती, आणि हे तिने कुणाला बोलून दाखवलं नसलं तरी मनातल्या मनात त्याचा तिला चांगलाच ताठा होता. बसमध्ये ती दांडा धरत नसे. बँकेच्या रांगेत कंटाळा आला की एका पायावर उभी राही आणि मागच्या माणसाला पत्ता लागू देत नसे. चारचौघांत कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर नाव तोंडातून बाहेर पडायच्या आधी तिची पाठ सरळ व्हायची, आणि समोरचा म्हणायचा, तुम्ही डान्सर आहात ने? आई, बायको, मॅडम ही सगळी तिची नावं होती, पण ती वरून घातलेली. आत नुसता एक तोल होता, आणि तो तोल म्हणजेच मी, असं तिने बहुधा फार लहानपणी ठरवून टाकलं होतं. मग ज्या दिवशी हात भिंत शोधतो त्या दिवशी आत कोण उरतं, हा प्रश्न तिला अर्धवट सलवारीत पडला आणि तिला मनापासून भीती वाटली.

भीतीला कारणही होतं. येत्या रविवारी नलिनीताईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ताई म्हणजे तिच्या गुरू, नागरवाड्यात तळमजल्यावरच्या लांबट खोलीत बडोद्याच्या तीन पिढ्यांना भरतनाट्यम शिकवलेल्या. दांडिया बाजारातला हॉल घेतला होता, दिव्यांनी ओवाळणं होतं, तुला होती, पुरणपोळी होती, आणि मग सगळ्या शिष्या नाचणार होत्या. शेवटी काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या होत्या, "शेवटचं श्रद्धा करेल." म्हणजे काय करेल हे सांगायची गरज नव्हती. शेवटचं म्हणजे नटराज, ताईंची स्वतःची रचना. तिच्या अखेरीला उजव्या पायावर उभं राहून डावा पाय कमरेपर्यंत आडवा उचलायचा आणि गाणारा श्वास सोडेपर्यंत तसंच राहायचं असतं. आणि त्या पाय उचलण्याच्या आधी येतो तो ताईंचा ठेहराव.

ठेहराव हा शब्द ताईंचा नव्हे. कुठल्याशा परीक्षकाने तो कधीतरी वापरला आणि चिकटला. अर्धं बसलेलं शरीर वर येताना डाव्या बाजूला किंचित विसावतं, हनुवटी खाली जाते, पापण्या मिटल्यासारख्या होतात, उजवा पाय कुणाच्या लक्षात न येता सरळ होतो, आणि मग सगळं वजन त्याच्यावर जाऊन डावा पाय उचलला जातो. क्षणभराचा खेळ. पण त्या क्षणात असं वाटतं की देवाला नाचायच्या आधी कुणाची तरी आठवण आली. अहमदाबादेत, सुरतेत, पुण्यात स्पर्धेला पोरी उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतली माणसंसुद्धा कुजबुजत, बडोद्याच्या दिसतात, नलिनीताईंच्या. ताईंच्या शिष्यांचा उभा गुडघा मूर्तीतल्या शिवापेक्षा जरा ताठ असतो, हेही लोकांनी टिपलं होतं. श्रद्धा स्वतः हा ठेहराव प्राचीला दोन वर्षं शिकवत होती. प्राची तिची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी, कॉलेजात जाणारी, रबरासारख्या पायांची. तिचा पाय वेळेआधी उचलला की श्रद्धा तिला म्हणायची, घाई काय आहे, देवाला जरा श्वास घेऊ दे.

मुकुंद गेल्यावर तिने सोफा मागे सरकवला आणि बैठकीच्या खोलीतच उभी राहिली. आधी नुसता पाय उचलला, सरळ, ठेहरावाशिवाय. अर्ध्या बैठकीतून उजव्या गुडघ्यावर वजन आलं आणि आतला माणूस पुन्हा खाकरला, या वेळी मोठ्याने. तिने दात आवळले. मग ठेहराव घेऊन केलं. डावीकडे विसावली, हनुवटी खाली, उजवा पाय रिकामा असतानाच सरळ झाला, मग वजन आलं. काहीच झालं नाही. गुडघा गप्प. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटताच अंगावर काटा आला. पुन्हा केलं. ठेहरावाशिवाय कळ, ठेहरावासकट काही नाही. किती सोयीचं आहे, तिच्या मनात आलं. दुखरा उजवा गुडघा वाचवायचा असेल तर माणूस अगदी असंच करेल. वजन दुसरीकडे ठेवेल, गुडघा वाकलेला असताना त्याच्यावर भार येऊ देणार नाही, आणि तोंडावर दिसू नये म्हणून मान खाली घालेल. पण तिचा गुडघा तर आज सकाळी दुखायला लागला, आणि ठेहराव ती लहानपणापासून करत होती. मग हा गुडघा कुणाचा?

ती तिथेच जमिनीवर बसली. नागरवाड्यातली ती खोली तिच्यापुढे आतून उघडल्यासारखी झाली. वर्ग संपला की ताई वरच्या मजल्यावर राहत्या घरी जात, आणि जिन्याशी नेहमी म्हणत, "तुम्ही व्हा पुढे." पोरी धडधडत वर जायच्या, गॅलरीत लिंबाचं सरबत प्यायच्या, आणि ताई मागाहून यायच्या, किती मागाहून ते कुणी कधी बघितलं नव्हतं. मग त्या खोलीचा वास. निलगिरी, कापूर आणि आणखी काहीतरी गरम. लहान श्रद्धाला तो वास इतका आवडायचा की घरी येऊन ती आपल्या फ्रॉकला तोंड लावायची. नाचाला असाच वास असतो, अशी तिची समजूत होती. पुढे दुसऱ्या शहरात एका मोठ्या गुरूंच्या वर्गात ती गेली, तिथे नुसता फिनाईलचा वास आला, आणि तिला वाटलं होतं, इथे खरा नाच नसणार. तो बामाचा वास होता. इतक्या वर्षांत हे इतकं साधं कसं कळलं नाही म्हणून तिला हसू आलं आणि डोळेही भरले. ताई दुखत्या गुडघ्याने नाचत होत्या. श्रद्धाने त्यांना गांधी नगरगृहाच्या स्टेजवर पाहिलं होतं, आईच्या मांडीवरून, आणि तिथेच ठरवलं होतं की आपण हे व्हायचं. त्या संध्याकाळी ठेहराव घेऊन ताईंचा पाय वर गेला तेव्हा सगळं थिएटर गप्प झालं होतं. ते सगळे एका बाईला कळ सोसताना बघत होते आणि वाहवा म्हणत होते, आणि ती वाहवाही खोटी नव्हती, कारण जे दिसत होतं ते सुंदरच होतं.

दुपारी ती नागरवाड्यात गेली. ताई आता खालीच राहत होत्या, वर्गाच्या खोलीत एका बाजूला पलंग टाकून. खुर्चीत बसून त्या कुणाला तरी फोनवर गुजरातीत पुरणाचं प्रमाण समजावत होत्या. पायाशी ताल देण्याचा लाकडी ठोकळा होता आणि काठी मांडीवर. काठी खाली ठेवलेल्या ताई श्रद्धाने कधी पाहिल्याच नव्हत्या. या वर्गाचा नियम होता की नाचताना कुणी बोलायचं नाही, गुरूनेसुद्धा नाही. जे सांगायचं ते काठी सांगेल.

"केम, आज अवेळी?" ताईंनी फोन ठेवला. "बस ने. चेवडा आहे."

श्रद्धा बसली नाही. इतकी वर्षं ज्या बाईसमोर ती प्रश्न विचारायलासुद्धा आधी नमस्कार करायची, तिला हे कसं विचारावं ते तिला समजेना. म्हणून ती खोलीच्या मध्यात गेली आणि ठेहराव घेऊन दाखवला. मग ठेहरावाशिवाय पाय उचलला. कळ आली, तोंड वाकडं झालं, ते तिने लपवलं नाही.

ताईंनी तिच्या गुडघ्याकडे बघितलं. "कधीपासून?"

"आज सकाळपासून. आणि तुमचा, ताई?"

"पाणीगेटला गणपतीत," ताई म्हणाल्या, जणू भाजी कुठून आणली ते सांगत होत्या. "मंडळाचं स्टेज होतं, फळ्यांचं. दोन फळ्यांच्या मधे पाय गेला. तेव्हा माझे केस काळे होते."

"आणि कार्यक्रम?"

"पुरा केला. लोक बसले होते ना समोर."

"तुम्ही कधी कुणाला बोलला नाहीत."

"कुणाला बोलायचं? आमच्या घरात मी नाचते हेच सगळ्यांनी कसंबसं गिळलं होतं. वडील दरबारातले, काका दरबारातले. भास्करला विचार, माझ्या भावाला. सगळे वाट बघत होते, ही बया थांबते कधी. गुडघा दुखतो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी घुंगरू माळ्यावर गेले असते." त्यांनी काठीचं टोक ठोकळ्यावर टेकवलं. "मग शोधलं काहीतरी. डावीकडे जरा टेकलं की जमायचं. म्हटलं, कुणाला कळणार नाही."

"कळलं नाहीच. आम्ही सगळ्या तेच करतोय. अख्खं बडोदं करतंय. मी प्राचीला तेच शिकवते."

"मी कुणाला शिकवलंय?" ताईंच्या आवाजात इतक्या वर्षांचा त्रागा एकदम वर आला. "मी काठी कशासाठी मारत होते तिथे? थांबू नका म्हणून. पाय उचला म्हणून."

श्रद्धा बघतच राहिली. तो ठोका तिला अंगात ऐकू येत होता. हनुवटी खाली गेली की ठोकळ्यावर नेमका तिथेच पडणारा, बाकीच्यांपेक्षा जोरदार. "ताई, आम्हाला वाटायचं तुम्ही सांगताय, इथे थांबा."

"काय?"

"काठी जोरात पडली की आम्ही म्हणायचो, अजून थांबायला हवं होतं."

ताईंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तरीच. मी जितकी जोरात मारावी तितक्या तुम्ही जास्त थांबायचात. म्हटलं, पोरी दगड आहेत. मग मीच नाद सोडला. आणि खरं सांगू? तुमचं बघायला बरं वाटायचं. माझं मला कुठे दिसत होतं? तुमच्यात दिसलं, तेव्हा वाटलं, अगदीच वाईट नाही हे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तू आधी डॉक्टरला दाखव. मी दाखवलं नाही. तेवढ्या एका गोष्टीत माझी नक्कल करू नकोस."

"आणि रविवार?"

"रविवारचं तू ठरव. बसून अभिनय केलास तरी माझा चंद्र काही मावळत नाही."

डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून, फोटो काढून सांगितलं की गादी झिजायला लागली आहे, आपटणं आणि खोल बसणं आता बंद, मांडीला ताकद येईल असे व्यायाम रोज करायचे, आणि ते केले तर अजून पुष्कळ नाचता येईल. पुष्कळ म्हणजे किती, असं तिने विचारलं नाही. घरी येताना सूरसागर तळ्याच्या कडेने स्कूटर चालवत ती विचार करत राहिली. ताईंनी गुडघा लपवला म्हणून त्या ताई झाल्या, की ताई होत्या म्हणून लपवू शकल्या? आणि मी कोण आहे? मी ज्याला माझी ओळख म्हणत होते ती तर दुसऱ्या कुणाची तरी दुखरी जागा होती, मी ती आईचा दागिना मिळावा तशी घेतली आणि मिरवली. तिला वाटलं, याचं वाईट वाटायला हवं. वाटत मात्र वेगळंच होतं. एका बाईने आपली कळ कुठेच ठेवायला जागा नाही म्हणून नाचात ठेवली, आणि ती इतकी देखणी ठेवली की तीन पिढ्यांना ती शैली वाटली. असा माणूस आपल्याला गुरू म्हणून मिळाला, याचा तिला त्या गर्दीत, बसच्या धुरात, मनापासून अभिमान वाटला.

संध्याकाळी आपल्या वर्गात तिने नाचताना न बोलण्याचा ताईंचा नियम मोडला आणि प्राचीला तोंडाने सांगितलं. "उद्यापासून तिथे थांबायचं नाही. ठोक्याबरोबर पाय वर."

प्राचीने आधी ते थट्टेवारी नेलं. मग सगळं ऐकून घेतल्यावर ती गोंधळून म्हणाली, "पण दीदी, पछी आपण ताईंच्या कशा वाटणार? बाहेर सगळे त्यावरूनच तर ओळखतात. ठेहराव काढला तर माझ्यात आपलं राहणार शुं?"

तोच प्रश्न श्रद्धाने सकाळी भिंतीला हात लावून स्वतःला विचारला होता. "ते मलाही बघायचंय," ती म्हणाली. "तुझा गुडघा चांगला आहे. तो दुखरा असल्यासारखा वापरू नकोस, एवढं मला कळतं. आणि दुखलाच कधी, तर त्याच दिवशी मला सांगायचं."

"आणि तुम्ही? तुम्ही रविवारी शेवटचं करणार ने?"

"करणार," श्रद्धा म्हणाली, आणि ते आपल्या तोंडून ऐकल्यावर तिला कळलं की आपण ठरवलं आहे.

रविवारी ओवाळणं झालं, तुला झाली, जेवणं झाली. ताईंना स्टेजच्या एका कडेला खुर्चीवर बसवलं होतं, नव्या हिरव्या पैठणीत, आणि ताल द्यायला माणूस असूनही त्यांनी ठोकळा आणि काठी मागवून घेतली होती. समोर त्यांचे धाकटे भाऊ भास्करराव कानाला यंत्र लावून पहिल्या रांगेत बसले होते. प्राची नटराजाच्या आधीचा तुकडा नाचली. त्याच्याही शेवटी तसाच पाय उचलायचा होता, आणि ठोका पडला तसा तिचा पाय वर गेला, मधे काहीही न होता, स्वच्छ. हॉलमध्ये चुळबूळ झाली. "ठेहराव गेला वाटतं," भास्करराव यंत्र लावलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले. श्रद्धा विंगेतून ताईंकडे बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काठी आणि पाय एकत्र आले होते, आणि ताईंचा चेहरा पहिल्या नंबराची चिठ्ठी हातात पडलेल्या मुलीसारखा झाला होता.

मग श्रद्धा गेली. नाचायच्या आधी जमिनीला नमस्कार करायचा असतो, आम्ही तुला पायांनी तुडवणार आहोत, माफ कर म्हणून. आयुष्यभर ती जमिनीची माफी मागत आली होती. आज वाकताना तिचा हात आधी उजव्या गुडघ्याला लागला आणि मग खाली गेला. विंगेत प्राची टक लावून बघत होती, आणि श्रद्धाच्या मनात आलं, आता ही पुढच्या आठवड्यापासून हेच करणार. तिला हसू दाबावं लागलं, आणि त्या हसण्यात भीती थोडी सैल झाली. ती खोल बसली नाही. पावलं हलकी ठेवली. जिथे उडी होती तिथे नुसते हात उडाले आणि डोळे त्यांच्यामागे गेले. हे कमी आहे असं तिला वाटलं, आणि थोड्या वेळाने तसं वाटायचं राहून गेलं, कारण हात काय करतायत ते तिला पहिल्यांदाच नीट जाणवत होतं. गाणाऱ्याने शेवटची ओळ धरली. ती अर्ध्या बैठकीतून वर आली, आणि गुडघ्याने आत हाक मारली.

ती डावीकडे विसावली. हनुवटी खाली गेली. आता तो ठोका येणार होता, जो ती आयुष्यभर ऐकत आली होती आणि ज्याचा अर्थ आता तिला ठाऊक होता. थांबू नकोस, उचल. तिचे खांदे त्या आवाजासाठी आधीच आवळले गेले.

ठोका आला नाही. तिने मिटल्या पापण्यांच्या फटीतून पाहिलं. ताईंनी काठी वर धरली होती आणि त्यांची नजर थेट तिच्या उजव्या गुडघ्यावर होती. गाणारा सूर लांबवत राहिला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. श्रद्धाने गुडघा सावकाश सरळ केला, वजन त्याच्यावर येऊ दिलं, थोडं, आणखी थोडं, आणि तो हो म्हणाला तेव्हा डावा पाय उचलला. तो कमरेपर्यंत गेला नाही. जिथे गेला तिथे ती उभी राहिली, हलली नाही, आणि मग ताईंनी काठी खाली आणली, इतकी हळू की ती फक्त तिलाच ऐकू आली.